संजीवक की संप्रेरक?

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने विचारले आहे : ‘कृषी पदवीला असलेल्या माझ्या मुलीच्या वहीत “पानाला जखम झाली की जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक संरक्षक जनुकांना व्यक्त करते” असे वाक्य आहे. आम्ही बागेत जीएला (जिबरेलिक आम्लाला) संजीवक म्हणतो. मग हे दोन शब्द एकच का? आणि जनुक “व्यक्त” कसे होते?’

दोन्ही शब्द ‘हार्मोन’ या इंग्रजी शब्दासाठी वापरले जातात. तो शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला आणि त्यामागील ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘चालना देणे’ असा आहे. ‘संप्रेरका’तील ‘ईर्’ धातूही तेच सांगतो. ‘संजीवका’त मात्र ‘जीव्’ आहे. मणी फुगावेत म्हणून जिबरेलिक आम्ल फवारणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो शब्द रुजला, हे अगदी स्वाभाविक आहे. परंतु पानगळीला चालना देणारे इथिलीनही हार्मोनच आहे, आणि त्याला संजीवक म्हणणे कानाला खटकते. म्हणून झाड स्वतः तयार करते ते संप्रेरक आणि वाढीसाठी आपण बाहेरून देतो ते संजीवक, हा भेद पाळावा असे मला वाटते.

‘व्यक्त’चा आज मनातले बोलून दाखवणे असा अर्थ घेतला जातो, येथे त्याचा जुना, ‘प्रकट’ हा अर्थ अभिप्रेत आहे. संरक्षक जनुक धड पानातही असतेच, पण तेथे जाझ नावाची प्रथिने मिक-२ या, जनुकाचे काम सुरू करणाऱ्या चालक प्रथिनाला अडवून धरतात. अळीने पान कुरतडले की पेशीतील लिनोलेनिक आम्लापासून जास्मोनिक आम्ल बनते, ते आयसोल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडले जाते आणि त्या जोडीच्या साहाय्याने जाझ प्रथिने नष्ट केली जातात. मग मिक-२ मोकळे होते, जनुकाची नक्कल निघू लागते आणि अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात. (पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्याचे फळ येते, त्या टोमॅटोच्याच झाडावर ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवले की एका पानाला इजा झाली तरी ही प्रथिने दूरच्या धड पानांतही साठतात.)

म्हणजे येथे चालना मिळते ती अडसर निघाल्यामुळे. त्यामुळे वहीतील ‘संप्रेरक’ तसाच ठेवावा, ‘जनुकांना व्यक्त करते’ एवढेच बदलावे : ‘पानाला जखम झाली की जास्मोनिक आम्ल या संप्रेरकामुळे संरक्षक जनुकांवरील अडसर दूर होतो आणि ती व्यक्त होतात.’