वाचकांचे प्रश्न : सुगी, आगमनकाळ आणि उपवास

प्रश्न : सोंगलेलं सोयाबीन वावरातच होतं, त्यावर पाऊस झाला आणि शेंगांतच कोंब फुटले. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) या महिन्यात सुगीची आभाराची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आहे. सगळे टोपलं भरून नेतील, मी काय नेऊ? मनात आभार नसताना जाणं खोटं ठरेल का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : जा. आभार येत नसतील तर तक्रार घेऊन जा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि ती उपासनेत आजही म्हटली जातात. तेरावं स्तोत्र ‘किती काळ?’ असं विचारतच सुरू होतं. बायबलमधला हबक्कूक संदेष्टा तर (३:१७-१८) नुकसानीची यादीच देतो : अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. एवढं सगळं सांगून झाल्यावरच तो ‘तरीही मी प्रभूच्या ठायी आनंद करीन’ म्हणतो. बरेच जण यादी गाळून थेट ‘तरीही’वर येतात, म्हणून त्यांची प्रार्थना त्यांनाच पोकळ वाटते.

घरच्या प्रार्थनेत आधी नुकसान मोजून सांगा : किती एकर गेलं, बियाण्याचे आणि खताचे पैसे कोणाचे द्यायचे आहेत. मग जे अजून हातात आहे ते नाव घेऊन सांगा. तासांमधली तूर उभी आहे? शेजाऱ्यानं रात्री ताडपत्री दिली? तेवढ्याचेच आभार माना, जास्त ओढूनताणून नको.

मिस्सेला वाटीभर सोयाबीन न्या, कोंब आलेलं असलं तरी चालेल. अर्पणाच्या वेळी वेदीवर फक्त भाकर आणि द्राक्षारस ठेवतात. धान्य, भाजी, फळं वेदीपासून बाजूला, योग्य जागी ठेवायची असतात. भरलेली टोपली वेदीपुढे रचून त्यांची आरास करू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. ज्याचं पीक गेलं तो मग मागच्या बाकावरच बसतो. दोन-चार दिवस आधी फादरांना किंवा कॅटेकिस्टांना (धर्मशिक्षकांना) भेटून, नुकसान झालेल्या कास्तकारांसाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती घालायला सांगा.

पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, तेही कराच. आणि मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना, फादरांना किंवा सिस्टरांना सांगा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

प्रश्न : आगमनकाळाचं चक्र (पाल्यानं सजवलेलं, चार मेणबत्त्यांचं कडं) घरी करायचं आहे. जांभळ्या मेणबत्त्या आमच्या बाजारात मिळत नाहीत, आणि आंब्याची पानं आठवड्यात वाळतात. (अमरावती जिल्हा)

उत्तर : नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, यंदा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६ ला आहे. बांबूच्या ओल्या कामटीचं हातभर रुंद कडं बांधा. चार मातीच्या वाट्यांत ओली वाळू दाबून त्यांत साध्या पांढऱ्या मेणबत्त्या रोवा. रंगासाठी तीन वाट्यांना जांभळी आणि एकीला गुलाबी चिंधी बाहेरून बांधा. मेणबत्तीलाच कागद गुंडाळू नका, ज्योत खाली आली की तो पेट घेतो. पाला दर शनिवारी बदला.

या दिवसांत वेचलेला कापूस घरातच पडलेला असतो. त्या खोलीत चक्र अजिबात लावू नका. ओसरीवर किंवा चुलीच्या खोलीत ठेवा आणि प्रार्थना संपली की लगेच विझवा. कापसाचा तंतू उडून ज्योतीवर आला तरी पुरे.

पहिल्या आठवड्यात एक जांभळी, दुसऱ्यात दोन जांभळ्या, तिसऱ्या रविवारी (१३ डिसेंबर) गुलाबीसह तीन, चौथ्यात चारही. चारही पहिल्याच दिवशी लावल्या तर वाट पाहण्यासारखं काही उरत नाही. गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) आधी मांडली तरी चालते, बाळ येशू मात्र २४ च्या रात्री ठेवा. या काळात रविवारच्या मिस्सेत ‘गौरव’गीत (देवाच्या गौरवाचं स्तुतिगीत) नसतं, पण आलेलुया (आनंदाचा जयघोष) असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलेलुयाही थांबतो. आगमनकाळ हा मुख्यतः आशेचा काळ आहे, हे यावरूनही कळतं.

प्रश्न : राखेच्या बुधवारी (कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला उपवास कसा धरायचा? आई ६४ वर्षांची आहे, तिला साखरेची गोळी सुरू आहे. मी हरभरा काढायला मजुरीनं जाते. साबुदाणा चालतो का? (वर्धा जिल्हा)

उत्तर : ताई, आपल्या उपवासात धान्याचा प्रश्नच नाही. ज्वारीची भाकर, पोळी, भात, सगळं चालतं. प्रश्न मोजमापाचा आहे. दिवसातून एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं खायचं, आणि त्या दोन्हींची बेरीज पोटभर जेवणाइतकी होऊ द्यायची नाही. शेंगदाण्याचा कूट घातलेली ताटभर खिचडी तीनदा खाल्ली तर तो उपवास होत नाही. हा नियम १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत आहे. मांस टाळण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून असतो, आणि त्यात मासे, अंडी, दूध चालतं. पाण्यानं, औषधानं उपवास मोडत नाही.

म्हणजे आईंवर उपवासाचं बंधन नाही. गोळी घेऊन उपाशी राहिल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांना मनच असेल तर त्यांनी चहाबरोबरची बिस्किटं सोडून ते पैसे डब्यात टाकावेत आणि नंतर गरजूला द्यावेत. तुम्ही उन्हात दिवसभर राबता, तर आधी फादरांना विचारा. त्यांना सूट देता येते, किंवा त्याऐवजी दुसरं पुण्यकर्म सांगता येतं.

प्रश्न : चंद्रपूरचे आमचे नातेवाईक राख सोमवारीच लावतात. चूक कोणाची? (नागपूर जिल्हा)

उत्तर : कोणाचीच नाही. १९७७ पासून चांदा (चंद्रपूर) हा सिरो-मलबार विधीचा, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेचा, धर्मप्रांत आहे आणि त्या परंपरेत मोठा उपवास (उपवासकाळ) सोमवारी सुरू होतो. नागपूर, अमरावतीकडे लॅटिन विधी (रोमची परंपरा), म्हणून बुधवार. २०२७ मध्ये ते ८ आणि १० फेब्रुवारी असे येतील. दोन्ही कॅथलिकच, त्यामुळे त्यांच्याकडे रविवारच्या मिस्सेला गेलात तरी तुमचं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं.

राख जुन्या झावळ्या जाळून करतात. त्यासाठी गेल्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) शिंदीच्या झावळ्या आतापासून जपून ठेवा आणि जानेवारीतच चर्चमध्ये नेऊन द्या. त्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या रिबिनी आधी काढा. राख बारीक कपड्यानं चाळून कोरडीच ठेवावी, पवित्र पाणी नुसतं शिंपडावं. जास्त पाणी घालून लगदा केला तर कपाळाची कातडी जळू शकते.