खांडसहून भीमाशंकर, तेही जुलैत?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीतली चार कुटुंबं मिळून जुलैतल्या एका रविवारी खांडसहून भीमाशंकरला चढायचं म्हणतोय. मुलं नऊ ते तेरा वर्षांची आहेत. शिडी घाटाने वेळ कमी लागतो आणि धबधबे अगदी जवळून दिसतात, असं कळलं. मुलांना धबधब्याखाली भिजायचंच आहे. जाऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : भीमाशंकरला जरूर जा. पण शिडी घाटाने नको, आणि मुलांना घेऊन जुलैत तर नकोच.

शिडी घाट जवळचा आहे, कारण तो कड्यावरून सरळ वर जातो. लोखंडी शिड्या आणि त्यांच्या मधले कातळटप्पे ही त्याची खरी अडचण. तुम्हाला जे धबधबे जवळून बघायचेत, त्यांचंच पाणी पावसाळ्यात त्या टप्प्यांवरून खाली येतं. नऊ वर्षांच्या मुलाचा हात ओल्या शिडीवरून सुटला, तर खाली उभ्या असलेल्या बापाला काहीही करता येत नाही. खांडसहून जाणारी दुसरी वाट म्हणजे गणेश घाट. तो लांबचा, वळशाचा, पण बहुतेक रानातून जाणारा आहे. मुलांच्या चालीने पाच तास धरा. खांडसमधला वाटाड्या सोबत घ्याच. वर धुकं उतरलं की ढोरवाटा आणि खरी वाट एकसारख्याच दिसतात.

ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरा आणि पुढे खांडसपर्यंत गाडी ठरवून जा. त्याच दिवशी डोंगर उतरायचा हट्ट नको. वर मुक्काम करा, नाहीतर एसटीने पुण्याकडे उतरून ट्रेनने घरी या. दमलेली मुलं उतरताना पडतात, चढताना नाही.

आता धबधब्याचं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलंही होती. मला ते आजही विसरता येत नाही, आणि म्हणूनच ‘थोडं भिजून येऊ’ हे वाक्य ऐकलं की मी सविस्तर बोलते. सह्याद्रीचा माथा म्हणजे बेसॉल्टचा सडा, उघड्या कातळाचं पठार. वर मातीचा थर पातळ, त्यामुळे मोठी सर आली की पाणी मुरतं कमी आणि ओढ्याकडे धावतं जास्त. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. त्याचा लोंढा काही मिनिटांत तुमच्यापर्यंत पोचतो.

येताना तो सांगून येतो, फक्त बघायला हवं. ओढ्यापाशी पोचलात की काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा, अर्धा बुडालेला. तो दिसेनासा झाला, स्वच्छ पाणी चहासारखं तांबूस झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज जड झाला, तर चपला-डबे गोळा करत बसू नका. मुलांना धरा आणि काठ सोडून उंचावर जा. गुडघाभर वेगवान पाण्यात धडधाकट माणसालाही उभं राहणं कठीण जातं. ओढा ओलांडायची वाट असेल आणि पाणी चढलेलं असेल, तर अलीकडेच थांबा. सर ओसरली की असे ओढे बऱ्याचदा तासा-दोन तासांत उतरतात, नाही उतरले तर मागे फिरा. ओलांडण्याजोगं पाणी असलं तरी सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पाय घसरला तर सॅक टाकून देता येते. दोर कमरेला बांधून पाण्यात उतरायचं नाही. दोर अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं.

धारेखाली उभं राहणं तर मी कुणालाच सुचवत नाही. पाण्याबरोबर दगडही येतात, आणि डोहात भोवरा असतो.

मला विचाराल तर सप्टेंबरात जा. धबधबे तेव्हाही वाहते असतात, पाऊस श्वास घ्यायला उसंत देतो, सडे सोनकीने पिवळे आणि तेरड्याने गुलाबी झालेले असतात. जुलैचा रविवार मोकळा ठेवलाच असेल, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जा (सोमवारी उद्यान बंद असतं). घळीतल्या ओढ्यात उतरू नका, पावसात भिजा. मग लेण्यांच्या दारातल्या पोढी, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी, मुलांना दाखवा. पावसाचं पाणी पोढीत यावं म्हणून भिक्षूंनी कातळात बारीक पन्हळी कोरल्या आहेत. त्यांतून पाणी वाहत असतं तेव्हा मुलं बोट लावून ते कुठून कुठे जातं, ते शोधतात. माझ्याबरोबर येणारी मुलं तिथून हलायला तयार नसतात.

प्रश्न : भीमाशंकर अभयारण्यातल्या धबधब्यापाशी आम्ही मित्र स्पीकर लावून बसलो होतो. वनरक्षकांनी बंद करायला लावला. पाण्याचाच आवाज एवढा असतो, मग गाण्यांनी काय बिघडतं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : बिघडतं, आणि वनरक्षकांनी योग्यच केलं. भीमाशंकर १९८५मध्ये अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. तिथे आपण पाहुणे असतो, आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू असतो.

पाण्याच्या आवाजाचं म्हणाल, तर शीळकरी कस्तुर ऐका. हा काळा-निळा पक्षी पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांजवळच्या कातळाच्या खाचांत घरटं करतो. पहाटे तो माणसाने शीळ घालावी तशी लांब, लहरती शीळ घालतो, ती धबधब्याच्या आवाजातूनही ऐकू येते. इतक्या गडगडाटात त्याला आपली हद्द सांगायची असते, जोडीदाराला साद घालायची असते. तुमचा स्पीकर त्याच आवाजावर येऊन बसतो. पुढच्या वेळी उजाडायच्या आत पोचा आणि दहा मिनिटं कुणी बोलू नका. ती शीळ एकदा ऐकलीत की स्पीकर घरी ठेवाल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : पावसाळी ट्रेकला गमबूट चालतील का?
– एक वाचक, वसई

उत्तर : नाही. आत पाणी शिरलं की ते बाहेर निघत नाही आणि पाय जड होतो. खोल खाचांच्या तळव्याचे, घट्ट नाड्यांचे बूट घाला. ते भिजणारच, म्हणून कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. आणि कोणतेही बूट असले तरी जिथे पाणी नुसतं झिरपतं तो काळा, तुळतुळीत कातळ टाळा. जोरात वाहत्या पाण्याखालच्या दगडापेक्षा तो अनेकदा जास्त निसरडा असतो, कारण शेवाळ तिथे निवांत धरतं.