स्वतःच स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत?

कारण तुमचा हात पोटापर्यंत पोचायच्या आधीच तो स्पर्श कसा लागेल याचा अंदाज मेंदूने बांधलेला असतो. हात हलवायच्या आज्ञेवरून हा अंदाज निघतो, त्यात लहान मेंदूचा मोठा वाटा. प्रत्यक्ष स्पर्श या अंदाजाशी जुळला की स्पर्शाची धार बोथट होते. मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८-९९च्या सुमारास लंडनमध्ये हे तपासलं. त्यातली गंमत अशी: माणसाच्या एका हाताची हालचाल रोबोमार्फत त्याच्याच दुसऱ्या तळहातावर पोचवली आणि मध्ये जेमतेम ०.१ ते ०.३ सेकंदाचा उशीर घातला, तर उशीर वाढेल तशा गुदगुल्याही वाढल्या! अर्थात स्वतःला गुदगुल्या होतच नाहीत, असं सरसकट नाही. जिभेचं टोक टाळूवर हलकेच फिरवून बघा, हुळहुळतंच.