झडप बदलल्यावर दम अजून का लागतो?

यजमान ६४ वर्षांचे. हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झाली होती, दीड महिन्यापूर्वी बदलली. तरी एक जिना चढताना दम लागतो. ऑपरेशन फसलं का? (सोलापूर)

ताई, एवढ्यावरून तसं समजू नका. अरुंद झडपेतून रक्त पुढे ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याला वर्षानुवर्षं जादा जोर लावावा लागला. त्याची भिंत जाड आणि ताठर झाली. नव्या झडपेने अडथळा त्याच दिवशी गेला, भिंतीची जाडी मात्र सावकाश उतरते. बराच फरक पहिल्या सहा महिने ते वर्षभरात दिसतो. त्यात हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं, जेवण जात नाही. माणूस हळवा होतो, कधी विनाकारण रडू येतं. तेव्हा त्यांना रागावू नका, जवळ बसा.

सहा आठवडे ते तीन महिन्यांदरम्यान टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच. पुढची प्रत्येक तपासणी याच रिपोर्टशी ताडून पाहतात, म्हणून तो जपून ठेवा. रोज सपाटीवर चालू द्या, बोलता येईल इतक्याच वेगाने. पण दम वाढत चालला, रात्री आडवं पडवेना, पाय सुजले किंवा दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

स्कूटर कधी चालवू? (ठाणे)

छातीचं हाड मधोमध कापलं असेल, तर साधारण तीन महिन्यांनी, सर्जनना विचारून. तोवर भरलेली बादलीही उचलू नका. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा. हाड हलल्यासारखं किंवा कटकट वाजल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं, तर लगेच दाखवा.

मेटलची झडप आहे. पालेभाजी पूर्ण सोडली, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वर-खाली होतो. (नाशिक)

भाजी सोडू नका. मेथी-पालकातलं के जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या विरुद्ध काम करतं हे खरं, पण आयएनआर बिघडतो तो प्रमाण बदललं की. आठवडाभर काहीच नाही आणि मग दोन वेळा पालक, असं नको. लांबलेले उपवास, नवीन अँटिबायोटिक, पेनकिलर, काढे यांनीही घोळ होतो. महाधमनीच्या जागी दोन पाकळ्यांची झडप असून इतर जोखीम नसेल, तर बहुधा २ ते ३ दरम्यान आयएनआर ठेवतात. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. ‘रक्त तपासावं लागत नाही’ अशा नव्या गोळ्या मेटलच्या झडपेला चालत नाहीत. कुणी कितीही सुचवलं तरी बदलू नका.

दाढ काढायची आहे. गोळी बंद करू? (बेळगाव)

स्वतःहून मुळीच नाही. झडपेवर गुठळी झाली तर जिवावर बेतू शकतं. दातांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं घडवून आणा. शिवाय दाढ काढण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. ॲलर्जी नसेल तर सहसा ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. झडप प्राण्याच्या ऊतीची असली तरी हाच नियम. आणि ताप आला, तर दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. आधी डॉक्टरांना झडपेविषयी सांगा आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) करायचं का, ते विचारा.