वीस दुकानं की एक?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, लालबागला डंकावर कुटून आणता तो तुमचा घरचा मसाला तिला विकायचाय. पाच वर्षांत वीस दुकानं, असा तिचा हट्ट. बाबा म्हणतात, एक नीट चालव, पुष्कळ झालं. कोणाचं बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

अजून एकही पाकीट विकलेलं नाही. त्यामुळे वीस काय किंवा एक काय, दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या स्वभावातून आलेत. तेव्हा आधी स्वभाव तपासू या.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे ३००० उद्योजकांना यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्के म्हणाले, दहात सात किंवा त्याहून जास्त. ३३ टक्क्यांना तर यशाची पूर्ण खात्री होती! एवढा विश्वास नसेल तर कोणी धंद्यात उतरणारच नाही, पण त्याच्या जोरावर भांडवल ठरवू नये.

या उन्हाळ्यात पाचच किलो मसाला करा: १०० ग्रॅमची ५० पाकिटं. विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या, घरगुती धंद्यालाही ती लागते. किंमत काढताना मुलीची स्वतःची मजुरी धरा. बहुतेक जण तीच विसरतात आणि मग नफा झाल्यासारखा वाटतो. नातेवाईक प्रेमापोटी घेतात, म्हणून अनोळखी गिऱ्हाइकांनाच विकू दे. दर रविवारी सकाळी किती जातील ते वहीत लिहायचं, संध्याकाळी किती गेली ते शेजारी. सहा रविवारांत अंदाज खऱ्या आकड्याजवळ येत गेला, तर ती शिकतेय. दर वेळी दुप्पटच निघाला, तर भांडवल निम्मं करा.

दुसरी परीक्षा जास्त अवघड. कृती ग्रॅममध्ये आणि मिनिटांत लिहून एक घाणा शेजारच्या काकूंना करू द्या. धणे कमी भाजले गेले, की ती कागदावरची वेळ दुरुस्त करते की काकूंच्या हातातून झारा ओढून घेते? वीस दुकानं म्हणजे वीस जणांच्या हाती झारा. हे जमत नसलं तरी सवयीने येतं. पण प्रत्येक घाण्याला स्वतःचाच हात लागावा यातच तिला आनंद असेल, तर एक दुकान हीच तिची खरी महत्त्वाकांक्षा. त्यात कमीपणा नाही.

किती पैसे बुडाले तर थांबायचं, तो आकडा आजच तिघांनी मिळून लिहून ठेवा. आणि उधारीची वही बाबांकडे द्या. सुरुवातीला पैसा अडकतो तो ओळखीच्यांकडेच, तिथे बाबांचा सावधपणा कामी येईल.