तोल तीन चाकांचा: रिक्षेच्या घरगुती सुधारणांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे रिक्षाचालकांची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. सर्व उत्तरे तीन प्रवाशांच्या, पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या परवानाधारक रिक्षांना धरून दिली आहेत.

प्रश्न: मी चिपळूणला रिक्षा चालवतो. पावसाची झड दोन्ही बाजूंनी आत येते आणि प्रवासी भिजतात. बाजारातून आणलेले तयार पडदे एका हंगामात फाटतात. त्यापेक्षा फायबरची किंवा प्लायवुडची दारेच बसवून घेतली तर चालेल का?

दारे बसवू नयेत. बिजागऱ्यांसाठी सांगाड्याला वेल्डिंग करावे लागेल आणि असा बदल पासिंगच्या वेळी अडचणीचा ठरेल. त्याहून मोठे कारण असे की रिक्षा कलंडलीच, तर प्रवाशाला बाहेर पडण्यासाठी तिची उघडी बाजू हीच वाट असते. ती घट्ट बंद करणारी कोणतीही रचना, मग ती कितीही देखणी असो, रिक्षेत नको.

आपले पडदे दरवर्षी का फाटतात, हे मात्र पाहण्यासारखे आहे. पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे रेक्झिनच्या पट्टीला शिवताना शिंपी कपड्यासारखी बारीक टीप मारतो, आणि जवळजवळ पडलेल्या त्या भोकांच्या रांगेवर प्लास्टिक टपाल तिकिटासारखे सरळ रेषेत फाटते. लांब टाक्याची टीप मारून घ्यावी, तीही रेक्झिनची पट्टी दुहेरी दुमडून, म्हणजे प्लास्टिक दोन थरांच्या मध्ये राहील आणि ताण टिपेवर न येता पट्टीवर येईल. पडद्याच्या खालच्या शिवणीत काही जण लोखंडी सळई घालतात. पडदा वाऱ्याने उडाला तर ती सळई रस्त्याने चालणाऱ्या माणसाला लागू शकते, म्हणून तिच्याऐवजी नायलॉनची जाड दोरी घालावी आणि टोकांना रबरी हूक लावावेत. हूक हाताच्या एका हिसक्याने सुटले पाहिजेत. गाठ मारलेली दोरी नको.

पडदा अडकवण्यासाठी हूडच्या पाइपला भोके पाडू नयेत. कोकणातल्या हवेत त्या भोकांतून पाणी आत शिरते, पाइप आतून गंजत जातो आणि वरून रंग शाबूत असल्यामुळे ते वर्षभर कळतही नाही. पाइपभोवती बसणाऱ्या क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो आवळला की काम भागते आणि दिवाळीनंतर सगळे सोडवून ठेवता येते. हूडच्या कडेला रबरी पन्हळ लावल्यास छपरावरचे पाणी पडद्यावर न पडता मागे निघून जाते. झडीचे पाणी आणि छपरावरून ओघळणारे पाणी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि पुष्कळदा पडद्याला बोल लावला जातो तो दुसरीमुळे. ऊन पडल्यावर पडदा घडी न घालता सुती कापडासह गुंडाळून ठेवावा, कारण प्लास्टिकच्या घडीवर पांढरी रेघ उमटते आणि पुढच्या वर्षी ते तिथेच तडकते.

दोन सूचना राहिल्या. पडदा बाजूच्या आरशाच्या आड येता कामा नये. चालकाच्या उजवीकडचा पडदा आरशाच्या रेषेत कापून घ्यावा. आणि वरच्या बाजूला चार बोटे फट मोकळी सोडावी, नाहीतर चार माणसांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकट होते आणि आतून धुरकट झालेल्या काचेवर वायपरचा काही उपयोग नसतो. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब कोरड्या फडक्याने काचेच्या आतल्या बाजूला चोळून पुसून घेतला, तर धुके बरेच कमी धरते.

प्रश्न: नाशिकच्या उन्हाळ्यात दुपारी रिक्षेचे छप्पर तव्यासारखे तापते. काही जण छपरावर हिरवळीचे गालिचे किंवा कुंड्या ठेवतात, असे पाहिले आहे. मलाही छपरावर कॅरियर बसवून त्यात झाडे लावायची आहेत, आणि बाजाराच्या दिवशी त्याच कॅरियरवर प्रवाशांचे सामानही ठेवता येईल. आपले मत काय?

हौसेचे कौतुक करून नकार देतो आणि कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण रिक्षेला काहीही जोडताना तेच कारण उपयोगी पडते.

तीन चाके जमिनीला जिथे टेकतात ते तीन बिंदू रेघांनी जोडले, तर एक त्रिकोण तयार होतो, त्याचे टोक पुढे आणि पाया मागे. वळणावर रिक्षा कलंडते ती पुढचे चाक आणि बाहेरच्या बाजूचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेघेवरून. मागच्या आसाजवळ हा त्रिकोण रुंद असतो आणि पुढे निमुळता होत जातो, म्हणून वजन जितके पुढे सरकेल तितके ते त्या रेघेच्या जवळ जाते, आणि जितके वर चढेल तितका त्याला उलटवायला कमी जोर पुरतो. वळताना ब्रेक दाबला, तर भार आणखी पुढे, म्हणजे निमुळत्या टोकाकडे झुकतो. रिक्षा वळणावर ब्रेक मारताना कलंडते, असे जुने चालक म्हणतात ते याचमुळे. छपरावरचे ओल्या मातीने भरलेले कॅरियर हे वजन ठेवण्यासाठी निवडता येणाऱ्या जागांपैकी सर्वांत वाईट. सामानाची जागा प्रवाशांच्या सीटमागे किंवा पायांशी, खाली आणि मागे, असावी.

तापणाऱ्या छपरावर उपाय सोपा आणि हलका आहे. गोदामांच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी, हवेच्या फुग्यांची शीट मिळते. ती हूडचे कापड आणि आतले अस्तर यांच्यामध्ये, चकाकती बाजू वर ठेवून बसवावी, पण हूडच्या कापडाला चिकटवून टाकू नये. चकाकीचा उपयोग उष्णता परतवण्यासाठी होतो आणि त्यासाठी तिच्यावर बोटभर हवेची फट लागते. चिकटवलेल्या शीटला उष्णता थेट स्पर्शाने मिळते आणि चकाकी निरुपयोगी ठरते. हूडशिवणाऱ्याला हे आधी सांगावे लागते, कारण फटीमुळे हूड सैल दिसेल अशी भीती त्याला वाटते आणि आपल्या नकळत तो ती चिकटवून टाकतो.

प्रश्न: पनवेल परिसरात माझी सीएनजी रिक्षा आहे. पुढे दोन एलईडी फोकस, मागे दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रवाशांसाठी मोबाइल चार्जर असे मी स्वतःच जोडले. फ्यूज वारंवार उडत होता, म्हणून एका मित्राने त्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली. आता सगळे चालते, पण हेडलाइटच्या स्विचजवळ जळका वास येतो.

हे वाचल्यावर, जमल्यास उभ्या उभ्याच, ती तार काढून टाकावी. फ्यूज उडणे हा दोष नव्हता, तो इशारा होता. तार घातल्यावर वायरिंगमधला सर्वांत कमकुवत दुवा आता आपल्या हेडलाइटचा स्विच आहे आणि वास त्याचाच येत आहे.

हिशेब करून पाहावा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपले फोकस प्रत्येकी 60 वॅटचे धरले, तर 120 भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर. रिक्षेच्या मूळ हेडलाइटचा दिवा साधारण 35 वॅटचा असतो, म्हणजे तीन अँपिअर. स्विच आणि त्याची वायर त्या तीन अँपिअरच्या बेताने केलेली आहे आणि आपण तिच्यातून, मूळ दिवा धरून, चौपट प्रवाह नेत आहात. अ‍ॅम्प्लिफायरचा हिशेब त्यात अजून धरलेलाच नाही. चार्जर मात्र निरुपद्रवी आहे: 5 व्होल्ट आणि 2 अँपिअरची दोन पिने असली तरी ती मिळून 20 वॅट, बॅटरीच्या बाजूने दोन अँपिअरच्याही आत.

दुरुस्ती अशी. जोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी बॅटरीपासून वेगळी वायर आणावी, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर तिचा स्वतंत्र फ्यूज असावा, आणि जास्त प्रवाह घेणारी वस्तू रिलेमधून (अल्प प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्यातून) चालवावी, म्हणजे स्विचमधून रिलेला चेतवण्यापुरताच अल्प प्रवाह जाईल. वायर सोलून दुसऱ्या वायरीला पीळ देऊन वर चिकटपट्टी लावण्याची पद्धत सोडावी; रिक्षेच्या थरथरीने पीळ सैल होतो आणि पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो. दाबून बसवायची टोके आणि वर उष्णतेने आकसणारी नळी वापरावी. आपल्या रिक्षेत गॅस आहे, त्यामुळे एक गोष्ट निक्षून सांगतो: सिलिंडरच्या खणातून किंवा गॅसच्या नळीला बांधून कोणतीही वायर नेऊ नये आणि तिथे एकही स्क्रू ठोकू नये. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे 200 बार दाबाने भरलेला असतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळला तर वर चढतो, आणि आपले स्पीकर व त्यांचे सांधे वरच, हूडखाली आहेत. एलपीजीच्या रिक्षांत उलटे घडते. तो गॅस जड, म्हणून पायांशी साचतो, आणि तिथे जमिनीलगतच्या शोभेच्या दिव्यांच्या पट्ट्या धोक्याच्या.

राहिले फोकस. ते काढावेत असे मला वाटते. मूळ परावर्तक दिव्याच्या तारेची जागा ठरवून घडवलेला असतो. त्यात दुसरा दिवा कोंबला किंवा शेजारी उघडा फोकस लावला, की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. रात्री कमी दिसत असेल तर आधी परावर्तकाची काजळी, पिवळी पडलेली काच आणि सैल अर्थिंग पाहावे. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

प्रश्न: मी ठाण्यात अबोली रंगाची रिक्षा चालवते. दिवसाचे नऊ-दहा तास बसून कंबर दुखते, म्हणून चालकाच्या सीटवर चार इंचांची गादी टाकली, पण आता पाय अवघडतात. मोबाइलचा स्टँडही कुठे लावावा ते समजत नाही.

ताई, गादीने आपली उंची वाढली आणि ब्रेकचा पाय आता वरून तिरका पडतो, म्हणून पोटरी भरून येते. उंची न वाढवता आतले भरण बदलावे: दबलेला जुना फोम काढून त्याच जाडीचा टणक फोम, आणि वर जेमतेम अर्ध्या इंचाचा मऊ थर. मऊ गादी दुकानात बसून पाहताना सुखाची वाटते, पण तासाभरात ती तळाला टेकते. कमरेच्या दुखण्यासाठी बसण्याच्या जागेपेक्षा पाठीमागे, पट्ट्याच्या उंचीवर, गुंडाळलेल्या टॉवेलएवढा आधार अधिक कामाचा. तो मागच्या दांड्याला पट्ट्याने बांधता येतो.

मोबाइलचा स्टँड हँडलला लावू नये. हँडल वळते तसा मोबाइलही वळतो, शिवाय डाव्या मुठीत क्लच आणि गिअर असल्याने हात आपटतो. डॅशवर, मीटरचे आकडे प्रवाशाला दिसण्यात अडथळा होणार नाही अशा जागी, तो घट्ट बसवावा.

प्रश्न: कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धेत उतरायचे आहे. स्टीलचे काम, आतली सजावट झाली. आता मोठे टायर, रुंद चकचकीत रिम आणि संगीत वाजवणारा हॉर्न लावावा असा विचार आहे. स्पर्धेनंतरही ते तसेच ठेवता येतील का?

कोल्हापूरकरांच्या रिक्षेला सजावटीचे वेगळे शिकवायला नको. आतली सजावट, चिखल अडवणारे रबरी पंखे, पुढे पांढरी आणि मागे लाल परावर्तक पट्टी हे सारे निर्धास्त करावे.

टायरची गोष्ट वेगळी. बऱ्याच रिक्षांना 4.00-8 मापाचा टायर असतो आणि भाड्याचा मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजतो. टायरचा व्यास एक दशांशाने वाढला, तर चाक तेवढ्याच अंतरात कमी फेऱ्या घेते आणि प्रत्यक्षात 10 किलोमीटर धावल्यावर मीटर सुमारे 9.1 किलोमीटर दाखवतो. म्हणजे प्रत्येक दहा किलोमीटरमागे जवळपास एका किलोमीटरचे भाडे आपण स्वतःच्या हौसेपायी सोडता. लहान टायर लावला तर तोच फरक प्रवाशाच्या खिशातून जातो, आणि मग मीटरला लावलेल्या सीलला काही अर्थ राहत नाही. पोलादी रुंद रिमने चाकाच्या बेअरिंगवरचा भारही बाहेर सरकतो आणि बेअरिंग लवकर आवाज करू लागते.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड बदलागणिक आहे हे लक्षात घ्यावे. अनेक सुरांचा हॉर्नही नियमबाह्य आहे.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे, की छायाचित्रात अडथळा येतो म्हणून प्रवाशांच्या उजव्या बाजूचा दांडा काढला तर काय बिघडते. त्या बाजूने उतरणारा प्रवासी थेट मागून येणाऱ्या वाहनासमोर पाऊल ठेवतो. दांडा राहू द्यावा. हवे तर त्यालाही स्टीलचा मुलामा द्यावा.