सप्टेंबरमध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याने गाडीने फिरताना बास पकडायला कुठे कुठे थांबावं?

तुम्ही लिहिलंय की बायको आणि दोन मुलांना घेऊन सप्टेंबरमध्ये आठ दिवस येताय, डब्लिनला गाडी घेऊन दक्षिण किनाऱ्याने डिंगलपर्यंत जायचंय, एकदा तरी बास हा मासा गळाला लावायचाय आणि त्यासाठी नकाशावर चौदा ठिकाणं मार्क करून ठेवलीत, त्यातली कोणती ठेवू. माझं स्पष्ट मत, तीन ठेवा आणि बाकी अकरा खोडून टाका. चौदा ठिकाणी थांबलात तर चौदाही ठिकाणी चुकीच्या वेळेला पोचाल, कारण बास जागेवर बसून तुमची वाट बघत नाही, तो पाण्याबरोबर आत येतो आणि पाण्याबरोबर बाहेर जातो.

मी मूळचा गुहागरकडचा, खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गरवायला म्हणजे गळाने मासे धरायला जायची सवय लहानपणापासूनची, आता बरीच वर्षं कॉर्कजवळ राहतो आणि मे ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा तरी पाण्यावर असतो. आपल्याकडे ज्याला जिताडा म्हणतात त्यालाही इंग्रजीत सी बासच म्हणतात पण ते कूळ वेगळं, इथला बास चंदेरी, अंगाने सडपातळ आणि खूप हळू वाढणारा. खाण्याची तऱ्हा मात्र जिताड्यासारखीच, खाडीच्या तोंडाशी, फेसात, गुडघाभर पाण्यात येऊन खेकडे आणि बारीक मासे मारणार. त्यामुळे ज्याने कोकणात गळ टाकलाय त्याला निम्मं काम आधीच येतं.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच मला इथे आल्यावर समजायला एक अख्खा सीझन लागला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, दुपारी बाराच्या आसपास पाणी भरलेलं. मी तोच हिशोब डोक्यात घेऊन इथे पौर्णिमेच्या दुपारी किनाऱ्यावर गेलो तर समोर अर्धा किलोमीटर ओली वाळू. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उलटं असतं, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि भरती सकाळी-संध्याकाळी साधारण पाच ते सातच्या मध्ये. भांगाच्या आठवड्यात, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, मग भरती दुपारी आणि मध्यरात्री. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते ते तुम्हाला माहीतच आहे.

यातून तुमची ट्रिप आपोआप ठरते. तिकिटं अजून काढली नसतील तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी पोचा म्हणजे मधले चार-पाच दिवस उधाणाचे मिळतील. दुपारी पाणी आटलेलं असताना बायको-मुलांना घेऊन बीचवर जा, मुलं डबक्यात खेकडे बघतील, आणि तुम्ही त्याच वेळी उघड्या पडलेल्या खडकांमधून फिरून कुठे घळ आहे, कुठे वाळूत खोलगट चर आहे, कुठे वर चढायची वाट आहे याचे मोबाईलवर फोटो काढा. मग चार वाजता चहा-बिहा घेऊन तुम्ही एकटे परत या, पाणी चढत असतं, सप्टेंबरच्या सुरवातीला सूर्य आठ-सव्वाआठला मावळतो आणि महिनाअखेरीस सव्वासातच्या आसपास, म्हणजे भरती आणि तिन्हीसांज एकत्र येतात. बासला याहून चांगली वेळ नाही. घरच्यांचा दिवसही पूर्ण त्यांना मिळतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर गाडीत बसून बाबांची वाट बघणारी मुलं पुढच्या वेळी यायलाच तयार होत नाहीत.

आता तीन ठिकाणं. पहिलं वेक्सफर्डचा दक्षिण किनारा, डब्लिनपासून दोन-सव्वादोन तास. किलमोर की (Quay) नावाच्या गावाच्या किंवा फेदर्डच्या आसपास दोन रात्री राहा. इथे बॅनो बे नावाची उथळ खाडी आहे, 1169 साली नॉर्मन लोक पहिल्यांदा आयर्लंडला उतरले ते इथेच, आणि भरती आत शिरायला लागली की तिच्या तोंडाशी बास फिरतो. सुरवातीला हात बसवायला बरी जागा, मोठ्या अपेक्षा ठेवू नका. जवळच हूक हेडचं दीपगृह आहे, आठशे वर्षं जुनं आणि अजून चालू, ते मुलांना नक्की दाखवा पण तिथल्या कड्यांवरून गळ टाकायच्या भानगडीत पडू नका, खोल पाणी आहे आणि शांत दिवशीसुद्धा एखादी लाट अचानक वर येते. तिथून पुढे वॉटरफर्डला जाताना मोठा वळसा घेऊ नका, बॅलीहॅकहून पॅसेज ईस्टला गाडी घेऊन जाणारी छोटी फेरी आहे, दहा मिनिटांत पलीकडे.

दुसरं ठिकाण कॉपर कोस्ट, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ट्रमोरपासून डन्गार्व्हनपर्यंतचा किनारा, एकोणिसाव्या शतकात इथे तांब्याच्या खाणी होत्या म्हणून हे नाव, आज युनेस्कोचं जिओपार्क आहे. उंच कडे, मध्येच लहान लहान पुळणी म्हणजे वाळूचे किनारे, त्यांच्या दोन्ही अंगांना खडप, म्हणजे आपल्या वेळणेश्वर-हेदवीकडचा माणूस इथे उतरला तर त्याला परकं वाटणारच नाही. किलफॅरसी, बनमाहन, स्ट्रॅडबॅली कोव्ह ही नावं लिहून ठेवा. डन्गार्व्हनमध्ये तीन रात्री मुक्काम करा, घरच्यांसाठी वॉटरफर्ड ग्रीनवे आहे, जुन्या रेल्वेमार्गावरचा 46 किलोमीटरचा सायकलचा रस्ता, पूर्ण नाही केला तरी चालतो, आणि क्लोनीची लांब पुळण मुलांना खेळायला एकदम सेफ.

इथे काय बघायचं ते नीट सांगतो. ओहोटीला खडपात दोन खडकांमध्ये चार-पाच फूट रुंदीची घळ दिसेल, तळाला वाळू आणि गोटे, कडेला तपकिरी समुद्री गवत लोंबतंय. पाणी चढायला लागून दीड-दोन तास झाले की पहिली लाट त्या घळीत शिरते, गवत आधी एका बाजूला झोपतं, मग उठून दुसऱ्या बाजूला वळतं, आणि त्या क्षणी खेकडे, कोळंबी सगळं उघडं पडतं. बास त्याच लाटेच्या मागे आत येतो. मागच्या सप्टेंबरात मी असाच एका घळीच्या वर गुडघ्यावर बसून होतो, पांढरा रबरी मासा घळीच्या तोंडापलीकडे टाकला आणि नुसता लाटेबरोबर आत वाहू दिला, रील जेमतेम ओढ धरण्यापुरतं फिरवत होतो. माझ्यापासून तीन मीटरवर, कमरेएवढ्याही नसलेल्या पाण्यात, एक करडी पाठ वळली आणि दोर ताठ. साठ सेंटिमीटरचा होता. नवीन माणूस पन्नास-साठ मीटर लांब टाकायला बघतो आणि मासा त्याच्या पायाशी असतो, म्हणून आधी पायाशी टाका, मग डावी-उजवीकडे, लांब सगळ्यात शेवटी. पाण्यात लगेच उतरूही नका, तुम्ही उभे राहाल तिथेच तो चरत असतो.

आणि याच किनाऱ्यावर सगळ्यात जपायचंही आहे. मासा खाली बघताना पाणी मागून भरतं. एकदा मी ज्या खडकावर होतो त्याच्या मागची सपाट वाळू वीस मिनिटांत मांडीपर्यंत भरली, बॅग तिथेच टाकून कसाबसा पुळणीवर आलो आणि त्या पुळणीचा रस्ता सुदैवाने कड्यावर जाणारा होता. काही पुळणींना तसा रस्ताच नाही. म्हणून दुपारी वाट बघून ठेवा, मोबाईलवर अलार्म लावा, लाइफजॅकेट घाला, घरी कुठे आणि कितीपर्यंत ते सांगून जा. ओल्या काळ्या खडकावर पाय देऊ नका, तो शेवाळ्याने साबणासारखा झालेला असतो. काही झालंच तर 112 ला फोन करून कोस्ट गार्ड मागायचा.

मधला वेस्ट कॉर्क गाळा. सुंदर आहे, मी तिथेच जवळ राहतो, पण आठ दिवसांत ते कोंबलंत तर रोज बॅगा भरणं आणि ड्रायव्हिंगच होईल. डन्गार्व्हनहून सरळ तिसऱ्या ठिकाणी, डिंगल पेनिन्सुलावरच्या इंच नावाच्या गावाला या, तीन तास धरा.

इंच म्हणजे समुद्रात घुसलेली पाचेक किलोमीटरची पुळण, समोर अटलांटिकच्या रांगेने येणाऱ्या लाटा. इथे खडप नाही, इथे लांब रॉड, शिसं आणि किडा. ओहोटीला ओल्या वाळूवर तुम्हाला कुरडईच्या वेटोळ्यासारखे वाळूचे छोटे ढीग दिसतील, हुबेहूब सोऱ्यातून पडलेली कुरडई, त्याच्या खाली लगवर्म म्हणजे गळाला लावायचा तो किडा असतो. चौकोनी दातांचा काटा घेऊन हातभर खणायचं, मुलांना हे काम द्या, माझ्या मुलीला मासेमारीत एवढंच आवडतं आणि ती ते तासभर न कंटाळता करते. खणायला नको असेल तर आमिषाच्या दुकानात मिळतो पण आधी फोन करून ठेवावा लागतो. सपाट शांत समुद्रापेक्षा, दोन दिवस वारा किनाऱ्याकडे वाहून नुकताच पडलाय आणि लाटांचे तीन-चार पट्टे एकामागे एक फुटतायत असा दिवस उत्तम. वाळूवर लोक गाड्या घालतात, तुम्ही भाड्याची गाडी अजिबात घालू नका, रुतली तर भरतीच्या आधी निघेलच असं नाही.

सामानाचं थोडक्यात. भारतातून चार तुकड्यांचा नऊ फुटी ट्रॅव्हल रॉड आणा, 10 ते 40 ग्रॅमचं वजन टाकणारा, 4000 साईजचं रील, वीस पौंड ताण सोसणारा विणलेला दोर (braid) आणि पुढे तेवढ्याच पौंडाचा फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या दोऱ्याचा, वावभर तुकडा. ल्युअर म्हणजे नकली मासे चारच प्रकारचे पुरे, पाच इंची पांढरा रबरी ज्याचा गळ अंगात लपलेला असतो म्हणजे गवतात अडकत नाही, उथळ पाण्यात पोहणारा हार्ड ल्युअर, वर तरंगणारा एक, आणि वारा असेल तर लांब जाणारा धातूचा. गळ सगळे चेक-इन बॅगेत. इंचसाठीचा अकरा-बारा फुटी रॉड मात्र आणू नका. एक सकाळ लोकल गाईड घ्या, पैसे जातात पण रॉडही त्याचाच मिळतो आणि एका सकाळीत जे कळतं ते आठ दिवस एकट्याने फिरून कळत नाही.

कायदा नीट समजून घ्या. समुद्रात रॉडने मासे धरायला इथे लायसन्स लागत नाही, सामन आणि सी ट्राउटला लागतं. बास 42 सेंटिमीटरच्या खालचा ठेवता येत नाही, दिवसाला किती ठेवायचे आणि कोणत्या महिन्यांत सगळे सोडायचे हे ठरलेलं असतं आणि ते आकडे बदलतात, तेव्हा निघायच्या आधी इनलँड फिशरीज आयर्लंडच्या साइटवर त्या वर्षीचा नियम वाचा. पकडलेला बास विकता येत नाही, व्यापारी मासेमारीच इथे 1990 पासून बंद आहे. त्यामागे कारण आहे, मादी अंडी घालण्याएवढी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, एक पुळण खाली केली की ती लवकर भरत नाही. मी स्वतः वर्षाला तीन-चारच ठेवतो. सोडायचा असेल तर हात ओले करा, गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा, खालच्या ओठाला अंगठ्याने धरा आणि पोटाखाली दुसरा हात द्या. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी आणि पाठीचे काटे टोचणारे, तिकडे बोट नेऊ नका.

गाडी डावीकडूनच चालते त्यामुळे ती काळजी नको, पण गावाकडचे रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना झाडोऱ्याची भिंत, गूगल दाखवतो त्यापेक्षा वेळ जास्तच धरा. ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगून ठेवा. डब्लिनच्या एम पन्नास या हायवेवर टोलनाका दिसत नाही, दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा. आणि शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढा.

हॉटेलऐवजी किचन असलेलं घर घ्या आणि येताना मालवणी मसाला, कोकमाच्या आगळाची छोटी बाटली, रवा आणा. एक पन्नास सेंटिमीटरचा बास चौघांना पुरतो. काटे कमी, मांस पांढरं आणि सौम्य, जिताड्यापेक्षा हलकं, म्हणून मसाला नेहमीच्या निम्माच लावा, आगळ, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि रव्यात घोळवून कमी तेलात तळा. तळायच्या आधी खिडकी उघडा, इथल्या घरातले धुराचे अलार्म आपल्या फोडणीलासुद्धा वाजतात. तारखा ठरल्या की लिहा, त्या आठवड्याची भरती बघून कोणत्या संध्याकाळी कुठे उभं राहायचं ते सांगतो.